गढीचा राखणदार: माणसं मोजायची की घाव?

आत्या हरली, आणि चूक माझ्या सूत्राची होती.

मंगळवारी रात्री सव्वाअकराला ती मी लिहिलेल्या मजकुराच्या ऑनलाइन खेळात गढीच्या राखणदाराशी एकटी लढत होती. त्याचा जीव २४० वरून ९६ वर आणला होता. तिचा स्वतःचा ७० होता आणि गुळपाण्याची एक कुपी शिल्लक होती. अजून आठ फेऱ्यांत गढी तिची होती. तेवढ्यात कुणी नवा खेळाडू देवडीतून आत आला, त्यानं एक घाव घातला आणि पूर्वेच्या दारानं निघून गेला. लढणारी माणसं वाढली की राखणदाराचा जीव आणि मार दोन्ही वाढतात, आणि त्याच्या हिशेबात आता दोघं झाले होते. उरलेल्या ८४ चे १६८ झाले, मार दहाचा पंधरा झाला. आत्या सात फेऱ्या टिकली. आठवीत पडली.

बुधवारी सकाळी पोहे-जलेबी घेऊन तिच्याकडे रामबागेत गेलो. ती रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, "अरे, मला घरातलं सगळं आवरून साडेदहानंतर वेळ मिळतो. त्या वेळी मी कुणाला शोधत फिरू? आणि जो आपणहून आला, त्याच्यामुळेच मेले."

गेल्या नोंदीत मी लिहिलं होतं की राखणदाराचं गणित सुटलं. अर्धं सुटलं होतं, ते आधी सांगतो, कारण तो भाग अजूनही बरोबर आहे आणि मला त्याचा फार आनंद आहे.

सुरुवातीला मी राखणदाराचा जीव सरळ माणसांच्या पटीत वाढवत होतो. एकट्याला २४०, चौघांना ९६०. एका शनिवारी लोकमान्य नगरची चौकडी आली आणि बसल्या जागी त्याला लोळवून गेली. "भिया, हा तर मेलाच," असा निरोप आला. वाटायला हिशेब चोख वाटतो: चौपट माणसं, चौपट जीव. पण राखणदार एका वेळी एकालाच मारतो. पहिला पडेपर्यंत चौघं मारत असतात, मग तिघं, मग दोघं, शेवटी एक. म्हणजे चौघांचा एकूण मार एकट्याच्या चौपट नाही, ४+३+२+१ म्हणजे दहापट होतो. दोघांचा तिप्पट, तिघांचा सहापट. १, ३, ६, १०. शाळेत गोट्यांच्या ओळी लावून शिकलेल्या त्रिकोणी संख्या! पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी मांडलेला वर्गाचा नियम याच घराण्यातला: लढणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली की ताकद दुपटीच्या पुष्कळ पुढे जाते.

जीव दहापट केला तर लढाई कंटाळवाणी होते. तीन सेकंदांच्या पन्नास फेऱ्या एकच ओळ वाचायला कुणाला आवडेल? म्हणून वाढ दोन्हीकडे वाटली. जीव माणसांच्या पटीत, आणि मार 'माणसं अधिक एक, भागिले दोन' या पटीत. चौघांना ९६० जीव, २५ मार. दोघांना ४८०, १५. कागदावर मांडून पाहा: प्रत्येकाकडे कुप्या धरून २७० जीव आणि फेरीला सरासरी १२ मार धरला, तर एक, दोन किंवा चार, कितीही असोत, सगळा गट पडेपर्यंत जेवढा मार देऊ शकतो तो राखणदाराच्या जीवाच्या बरोबर १.३५ पट येतो. तो आकडा तिन्ही ओळींत सारखा आला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि मी उठून गच्चीत फेऱ्या मारल्या.

वैद्य गटात असला की हे बिघडतं, कारण तो फेरीला १८ जीव परत देतो. त्यावर सध्या उपाय म्हणजे दर चौथ्या फेरीला सगळ्यांना लागणारा धुळीचा लोट. तिघांपासून पुढेच. पुरेसा आहे.

न सुटलेलं अर्धं म्हणजे 'माणसं किती' हे ठरवायचं कसं. यात तीन आठवडे गेले. आधी लढाई सुरू होताना खोलीत किती जण आहेत ते मोजत होतो. चौकडीनं दोन दिवसांत वाट काढली: एकानं आत जाऊन पहिला घाव घालायचा, तिघांनी मागून यायचं. मग गेल्या पाच फेऱ्यांत ज्यांनी घाव घातला त्यांना मोजलं, आणि आकडा बदलला तरी उरलेल्या जीवाची टक्केवारी तीच राखली. तर ते आळीपाळीनं मारून बाहेर जाऊ लागले. मग आकडा फक्त चढेल, लढाई संपेपर्यंत उतरणार नाही, असं केलं. पोरांची वाट बंद झाली आणि आत्या त्यात सापडली. उतरू दिलं तर पळवाट, न उतरू दिलं तर वाटसरूच्या एका घावाची शिक्षा एकटीला.

बुधवारी दुपारी ऑफिसात एक जुनी गोष्ट आठवली. कॉलेजात राज्यशास्त्राच्या तासाला संसदेतल्या 'प्रभावी पक्षसंख्ये'चं सूत्र शिकवलं होतं, लाक्सो आणि तागेपेरा यांचं, १९७९ सालचं. एका पक्षाकडे नव्वद टक्के जागा आणि बाकी चिल्लर, तर पक्ष दहा असले तरी खरे एकच धरायचे. प्रत्येकाच्या वाट्याचा वर्ग करा, बेरीज करा, एकाला त्या बेरजेनं भागा. हेच हवं होतं मला! डोकी मोजायची नाहीत, वाटा मोजायचा.

रात्री मंगळवारची लढाई लॉगमधून पुन्हा चालवली. आत्याचे घाव १४४, वाटसरूचा १२. प्रभावी संख्या १.१७. राखणदाराचा जीव ८४ वरून फक्त ९८ वर जातो, मार दहावरून अकराच्या आत राहतो. आत्या नऊ फेऱ्यांत जिंकते. पुढे तिचे घाव वाढत जातात तशी संख्या आपोआप एककडे सरकते. चौघं सारखं मारत असतील तर आकडा बरोबर चार. मागून येणारे तिघं मारू लागले की चारकडे चढतो, आणि मारून बाहेर गेलं तरी वाटा वहीत राहतोच. दोन्ही पळवाटा एका ओळीनं बंद. वैद्यानं परत दिलेला जीवही वाट्यात धरतो, नाहीतर तो हिशेबाबाहेर राहतो.

वाटे एनडीबीत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात ठेवले आहेत, आणि सर्व्हर रिलोड होताना आपोआप चालणाऱ्या हुकमध्ये ते डीबीत, कायमच्या साठ्यात उतरवतो, म्हणजे मधेच रिलोड केलं तरी पुसले जात नाहीत. मजकुराच्या खेळांसाठी पायथॉनमध्ये लिहिलेल्या एव्हेनिया या इंजिनात हे अगदी सोपं आहे, आणि पायथॉन येणाऱ्या कुणालाही मी दुसरं इंजिन सुचवणार नाही. भाड्याचा सर्व्हर मात्र सोडला. महिन्यात तीनदा न सांगता बंद पडला. आता घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर सगळं चालतं, लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे. टेलनेटवाल्यांसाठी, म्हणजे ब्राउझरऐवजी साध्या टर्मिनलमधून खेळणाऱ्यांसाठी, तक्त्यांचे रकाने काढून टाकले. 'किल्ला' या शब्दाची लांबी पायथॉन सहा मोजतो, पडद्यावर दोनच अक्षरं दिसतात, रकाने जुळणार कसे? ब्राउझरमधून खेळा, मात्रा नीट दिसतात.

काल गुरुवारी रात्री अकरा चाळीसला आत्यानं राखणदाराला पाडलं. मधे पुन्हा एक वाटसरू येऊन गेला. लॉगमध्ये संख्या १.२१ पर्यंत चढून परत उतरलेली दिसली.

आता दक्षिण बुरूज. तो फक्त गटासाठी ठेवायचा ठरलं होतं. तो बेत मी मोडतोय. १९९९ च्या एव्हरक्वेस्ट या ऑनलाइन खेळात एकट्याला पुढे सरकणं जड जायचं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टनं २००४ मध्ये शेवटच्या पातळीपर्यंतची वाट एकट्याला मोकळी केली, पण सर्वात चांगलं सामान चाळीस जणांच्या रेडमध्ये, म्हणजे मोठ्या सामूहिक मोहिमांतच ठेवलं. त्यांनाही २०२४ मध्ये एक ते पाच जणांसाठी डेल्व्ह नावाच्या छोट्या मोहिमा काढाव्या लागल्या. फायनल फँटसी चौदानंही गटाच्या गुहांत संगणकाचे सोबती देऊ केले. मीही भाडोत्री शिलेदार लिहायला घेतले होते. पण मजकुराच्या खेळात तीन शिलेदारांच्या ओळींनी पडदा भरतो आणि स्वतःचा घाव शोधावा लागतो. गोष्ट सर्वांना सारखी मिळाली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गटाला वेगळं काय द्यायचं ते वेळात द्यावं.

म्हणून खंदकावर रहाट. शंभर फेरे झाले की पूल खाली येतो. एका खेळाडूला एका रात्रीत पंचवीसच फेरे. चौघं एका रात्रीत उघडतील, आत्या चार रात्रींत.

हे लिहितानाच सुचलं: प्रत्येकाचा रहाट वेगळा कशाला? रहाट सगळ्यांचा एकच ठेवू. आत्यानं अकराला दिलेले पंचवीस फेरे, पहाटे कामावर जाण्याआधी येणाऱ्याचे पंचवीस, एकमेकांना न भेटता एकाच पुलासाठी. रहाटाकडे पाहिलं की शेवटचा फेरा कुणी दिला ते नाव दिसेल. पूल खाली आला की ज्यांनी फेरे दिले त्या सगळ्यांसाठी तो कायमचा खाली. वाट्यांची वही तयार आहेच, तीच इथे लागेल.

शनिवारी रात्री नऊला राखणदारावर तिघा-तिघांचे गट हवेत, शक्यतो एक वैद्य धरून. वैद्याचा वाटा मला अजून जास्त वाटतो. ज्याचा जीव आधीच पूर्ण आहे त्याला दिलेलं औषधही सध्या मोजलं जातंय, ते आज दुरुस्त करतो. रहाटाचं त्यानंतर.