बीजिंगच्या शाळेतला लीदोंग

बीजिंगमध्ये राहत असताना मुलीच्या शाळेत दरवर्षी जे मेळावे होत, त्यांपैकी लीदोंगच्या मेळाव्याची मी सर्वांत आतुरतेने वाट पाहत असे. लीदोंगला, म्हणजे नोव्हेंबरच्या 7 किंवा 8 तारखेला, सूर्य क्रांतिवृत्तावर (आकाशातील त्याच्या वार्षिक मार्गावर) 225 अंशांवर येतो आणि चिनी पंचांगानुसार हिवाळा सुरू होतो. वर्षाचे असे 24 टप्पे असून प्रत्येक टप्पा सुमारे 15 दिवसांचा असतो. 2016 साली युनेस्कोने या कालगणनेची मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली.

शहरातील घरांना उष्णता पुरवणारी सार्वजनिक व्यवस्था साधारणतः 15 नोव्हेंबरला सुरू होत असल्याने लीदोंगच्या दिवशी वर्ग चांगलेच गार असत, आणि त्यामुळेच जेवणघरातील उकळत्या पातेल्यांभोवती सगळी शाळा गोळा होई. लांब टेबलांवर कणकेचे गोळे, चिनी कोबीचे सारण आणि लहान लाटणी मांडलेली असत, आणि मुलांना ज्याओझी (सारण भरून उकडलेल्या चिनी करंज्या) वळायला शिकवण्याचा मान आजी मंडळींचा असे. उकडीच्या मोदकाच्या कळ्या पाडण्याची सवय असल्यामुळे माझा हात लवकर बसला. एका आजींनी माझी ज्याओझी शेजारणीला कौतुकाने दाखवली, त्याचा आनंद मला अजूनही आहे. या पदार्थाचा आकार कानासारखा का, याची आख्यायिका शिक्षिका दरवर्षी सांगत: प्राचीन चीनमधील पूर्व हान राजवटीच्या काळातील वैद्य चांग चोंगचिंग यांनी कडाक्याच्या थंडीने कान फुटलेल्या गरिबांना मटण आणि औषधी घालून केलेली अशी ज्याओझी रश्शासह खाऊ घातली होती.

मग मोठ्या वर्गातील मुले या टप्प्याची जुनी लक्षणे म्हणून दाखवत. पहिल्या पाच दिवसांत पाणी गोठू लागते, पुढच्या पाच दिवसांत जमीन, आणि शेवटच्या पाच दिवसांत रानपक्षी पाण्यात शिरून शिंपले होतात. हे तिसरे लक्षण मला फार आवडे, कारण पक्षी दिसेनासे होणे आणि किनाऱ्यावर शिंपले दिसू लागणे यांची सांगड घालणाऱ्या माणसांनी ऋतूकडे किती बारकाईने पाहिले असेल, हे त्यातून कळते.

एका वर्षी गणिताच्या शिक्षकांनी अधिक मासाचा नियम समजावला. 24 टप्प्यांपैकी एकाआड एक असे 12 टप्पे मुख्य असतात, आणि ज्या वर्षी 13 चांद्रमास येतात, त्या वर्षी मुख्य टप्पा नसलेला पहिला महिना अधिक धरला जातो. आपल्याकडेही ज्या चांद्रमासात संक्रांत, म्हणजे सूर्याचा राशिप्रवेश, होत नाही तोच अधिक ठरतो, हे मी सांगितल्यावर त्यांनी लगेच फळ्यावर दोन्ही पंचांगे शेजारी शेजारी मांडली.

डिसेंबरच्या 21 किंवा 22 तारखेला, दोंगझीच्या म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवशी, प्रत्येक मुलाला 81 पाकळ्यांच्या आलूबुखाराच्या फांदीचे कोरे चित्र मिळे. रोज एक पाकळी रंगवायची, म्हणजे नऊ-नऊ दिवसांचे नऊ गट संपता संपता थंडी ओसरते. हिवाळी सुट्टीत हे काम घरीच चाले, आणि मार्चमध्ये पूर्ण झालेली सगळी चित्रे जिन्याजवळच्या भिंतीवर लावून शाळा आम्हा पालकांना पुन्हा बोलावी.