सर्व्हर चालू, तरी कुणी जोडलं जाईना

लातूरजवळच्या एका कॉलेजात आम्ही व्हीआरची (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे हेडसेटमधून दिसणारं आभासी जग) लॅब उभारली होती. तिथला मुख्य पाठ किल्लारीच्या भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३, गणेशविसर्जनाची रात्र सरून उजाडायच्या आत, ३ वाजून ५६ मिनिटं. मुलं हेडसेट लावून दगड-मातीच्या जाड भिंतींच्या घरात उभी राहतात, डोक्यावर मातीचं जड माळवद. मॅडमनी सर्व्हरवर, म्हणजे लॅबच्या मुख्य संगणकावर, बटण दाबलं की सगळ्यांना एकाच वेळी जमीन हलताना दिसते, भिंतीचे आतले-बाहेरचे थर सुटून कसे कोसळतात ते कळतं. एकाला हादरा आधी आणि दुसऱ्याला नंतर दिसला तर तो पाठच राहत नाही. म्हणून दृश्य प्रत्येक संगणक स्वतः उभं करतो, पण हादऱ्याची वेळ एकटा सर्व्हर ठरवतो.

औसा तालुक्यातल्या एका शाळेची मुलं यायची होती. पहाटे लाईट गेली होती. सकाळी संगणक सुरू केले, तर एकही क्लायंट, म्हणजे मुलांचा संगणक, सर्व्हरला जोडला जाईना.

"सर, सर्व्हर चालू आहे, नेटवर्कच्या स्विचचे दिवेपण लागलेत," लॅबमधला दादा म्हणाला.

क्लायंटवर आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवर संगणकाची ओळख सांगणारे आकडे, बघितले. सगळे १६९.२५४ने सुरू होणारे. पत्ता वाटणारं कुणी सापडलं नाही की विंडोज स्वतःच असा पत्ता घेतं. वाटणारा राउटर ऑफिसात होता आणि त्या फेजला अजून लाईट नव्हती. सर्व्हरचा पत्ता मात्र कायमचा, १९२.१६८.१.१०. मी क्लायंटना त्याच रांगेतले पत्ते हाताने दिले.

तरीही जोडणी नाही. सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे नुसती हाक मारून बघितली, उत्तर नाही. इथे बरेच जण केबल बदलायला धावतात. मी आधी एआरपीची यादी बघितली (कोणता आयपी पत्ता कोणत्या नेटवर्क कार्डाचा, याची नोंद), तर तिच्यात सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता होता. म्हणजे केबल, स्विच, कार्ड सगळं ठीक.

तेवढ्यात मॅडम आल्या. "सर, मुलं उतरली. नाश्ता होईपर्यंत जमेल ना?"

सर्व्हरवर वायरशार्क लावलं, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट (डेटाचे तुकडे) दाखवणारा प्रोग्राम. क्लायंटने प्रयत्न केला की ७७७७ पोर्टवर (संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दारावर) यूडीपी पद्धतीची पॅकेट येताना स्पष्ट दिसत होती. कोणता प्रोग्राम कुठल्या पोर्टवर आहे ते दाखवणारी नेटस्टॅट कमांड सांगत होती की आमचा प्रोग्राम त्याच पोर्टवर ऐकतोय. पॅकेट मशीनपर्यंत येतं आणि प्रोग्रामला मिळत नाही, तर मधे राहतं फक्त फायरवॉल, म्हणजे काय आत सोडायचं ते ठरवणारा विंडोजचा पहारेकरी. फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देतं, त्यामुळे क्लायंटला नकारसुद्धा कळत नाही, तो नुसता वाट बघत बसतो.

आदल्या दिवशी हेच फायरवॉल अडवत नव्हतं, मग आजच का? राउटर न सापडल्याने विंडोजला नेटवर्क ओळखता आलं नव्हतं. अनोळखी नेटवर्क विंडोज 'पब्लिक', म्हणजे परकं, धरतं आणि फायरवॉलमधली आमची परवानगी होती फक्त 'प्रायव्हेट', म्हणजे विश्वासाच्या, नेटवर्कसाठी. पत्ते गेले ते आणि दार बंद झालं ते, दोन्ही त्या एका बंद राउटरमुळे.

फायरवॉल सरसकट बंद करणं मला पटत नाही. घाईत बंद केलेलं महिनोन्‌महिने तसंच राहतं. तेवढ्या पोर्टपुरता, फक्त लॅबच्या पत्त्यांसाठी, पब्लिकलाही लागू होणारा नियम केला. लगेच एकेक क्लायंट सर्व्हरच्या यादीत येऊ लागला. पाठ वेळेवर झाला आणि हादरा सगळ्या मुलांना एकदमच दिसला.

राउटर आता लॅबमध्येच, सर्व्हरच्या यूपीएसवर आहे. क्लायंटना दिलेले पत्ते मी तसेच ठेवले.