दिवस बारावा, चहा बिनसाखरेचा

घोट्यात एक प्लेट आणि सात स्क्रू घेऊन घरी आले, त्याला आज बारा दिवस झाले. उजवं पाऊल सहा आठवडे जमिनीला टेकवायचं नाही. कारण काय, तर बाथरूमच्या ओल्या लादीवरून घसरले. निदान ट्रेकला वगैरे गेले असते तर सांगायला तरी बरं वाटलं असतं.

आज दुपारी घरात कुणी नव्हतं आणि चार वाजता चहाची तलफ आली. वॉकर घेऊन एका पायावर उड्या मारत ओट्यापाशी पोचले, आलं ठेचलं, चहा उकळला, गाळला. आणि मग ट्यूब पेटली. दोन्ही हात वॉकरला, तर कप न्यायचा कुणी? पाच मिनिटं नुसती बगळ्यासारखी उभी. शेवटी चहा थर्मासमध्ये, थर्मास आणि कप भाजीच्या कापडी पिशवीत, पिशवी वॉकरच्या दांड्याला. पलंगापर्यंत अकरा उड्या. मोजल्या मी.

तोवर पायाची बोटं जांभळट, टम्म. दोन उशा, वर घडी केलेली सोलापुरी चादर, पाय छातीपेक्षा उंच, तेव्हा कुठे ठणका उतरला. नेमकी तेव्हाच प्लास्टरच्या आत खाज सुटली. विणायची सुई हाताशीच होती. नाही हो घातली! आत ओरखडा उठून चिघळला तर बाहेरून दिसणारही नाही, असं डॉक्टरांनी दटावलंय.

सासूबाई आल्या, पिशवी बघून म्हणाल्या, "काय गं, मंडईत जाऊन आलीस?"

चहात साखर राहिली होती. डबा ओट्यावर, अकरा उड्या लांब. तसाच प्यायले.