कूलरच्या ताट्या बदलल्या, एसीचं काय?

होळी झाली की नागपुरात गच्चीवरून, जिन्याखालून, सज्जावरून कूलर खाली उतरू लागतात. टाकीला चढलेला पांढरा थर खरवडायचा, पंपाच्या जाळीतला कचरा काढायचा, मोटरच्या बुशात दोन थेंब तेल सोडायचं, नव्या ताट्या बसवायच्या. मग पहिलं पाणी पडलं की वाळ्याचा तो वास घरभर. हे सगळं घरचंच कोणीतरी करतं. कूलरसाठी मेकॅनिक बोलावणं इकडे जरा कमीपणाचंच समजतात.

त्याच घरात, पडद्याच्या वर, एक पांढरा डबा भिंतीला चिकटून बसलेला असतो. रिमोटचे सेल बदलण्यापलीकडे त्याच्या वाट्याला काही येत नाही.

याचं कारण असं की कूलर बोलतो. पाणी संपलं की गरम झोत, ताटी कुजली की वास, पंप अडकला की घुरघुर. एसी गप्प असतो. फिल्टर पार बुजला तरी डब्यावर १८ म्हणजे १८ च दिसतं, कारण बहुतेक मॉडेलवर तो आकडा खोलीचा नसतो, आपण मागितलेला असतो. खोली गार होईना म्हणून आपण २४ चे २० करतो, २० चे १८ करतो. खोलीला त्याचा काही पत्ता नसतो, कॉम्प्रेसर मात्र न थांबता चालत राहतो. डब्याची तक्रार आपल्यापर्यंत पोहोचते ती विजेच्या बिलातून, नाहीतर नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ रखरखीत दिवसांत, रात्री अकराला, जेव्हा शहरातला एकही मेकॅनिक फोन उचलत नाही.

एसी गारवा तयार करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. खोलीतून किती उष्णता निघते ते टनात मोजतात. सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, तेवढा एक टन. म्हणजे दीड टनाचा एसी दिवसरात्र चालवला तर साडेतेराशे किलोच्या आसपास बर्फाच्या लाद्या खोलीत वितळवल्यासारखं झालं. फक्त हा दीड टन बाहेर ३५ अंश असताना मोजलेला असतो. आणि ३५ अंश म्हणजे नागपुरात मे महिन्यातली सकाळ. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते. अशा दुपारी आउटडोअरच्या, म्हणजे बाहेरच्या डब्याच्या, कॉइलला (गॅसच्या नळ्यांच्या वेटोळ्याला) बाहेरच्या हवेपेक्षाही गरम व्हावं लागतं, पंचावन्न-साठ अंशांपर्यंत, तरच उष्णता तिच्यातून हवेत जाईल. दाब वाढतो, वीज वाढते आणि दीड टनाचा माल दीड टन राहत नाही. (२०२४ च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. नंतर हवामान खात्याने सेन्सरचा दोष सांगितला. उन्हाने माणसं बिघडतात तशी यंत्रंही बिघडतात.)

म्हणून इथे सगळा जीव आउटडोअरमध्ये असतो, आणि सगळं दुर्लक्षही त्याच्याचकडे.

गॅलरीत जाऊन आउटडोअरच्या मागच्या बाजूला एकदा बॅटरी मारून बघावं. कागदाइतक्या पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या असतात, मेकॅनिकच्या भाषेत फिन्स. हवा मागून या फटींतून आत ओढली जाते आणि पुढच्या पंख्यातून बाहेर फेकली जाते. एप्रिल-मेमध्ये सावरीची बोंडं फुटतात. तो कापूस उडत येऊन फटींवर बसतो, त्यात कबुतराची पिसं अडकतात, रस्त्याच्या कामाची सिमेंटची धूळ त्यावर साचते आणि सगळ्याची मिळून जाजमासारखी घोंगडी तयार होते. पुढून पंखा नीट फिरताना दिसतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण हवाच मिळत नसल्याने कॉम्प्रेसर तापतो आणि ओव्हरलोडवर जाऊन बंद पडतो. अर्धा-पाऊण तासाने निवला की पुन्हा सुरू होतो, दहा मिनिटांनी पुन्हा बसतो. दुपारी बंद आणि रात्री व्यवस्थित, असं दिसलं तर सर्किट बोर्डाकडे बघण्याआधी मागची घोंगडी बघावी. तापलेल्या कॉम्प्रेसरवर बादलीभर पाणी ओतायचा मोह होतो. तिथेच वायरींची टोकं असतात, तेव्हा तो आवरावा.

घोंगडी काढणं घरी जमण्यासारखं आहे, आउटडोअर गॅलरीत हाताशी असेल तरच. सातव्या मजल्यावर खिडकीबाहेर लटकून नाही. आधी एमसीबी, म्हणजे एसीच्या लाइनचा खटका, पाडायचा, रिमोटने बंद करून भागत नाही. मग दहा मिनिटं थांबायचं, कारण कपॅसिटरमध्ये आणि इन्व्हर्टर मॉडेलच्या (ज्यात कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त होतो) बोर्डावर वीज साठून राहिलेली असते. मऊ ब्रश उभा, फटींच्या दिशेनेच फिरवायचा. आडवा फिरवला की फिन्स वाकतात आणि वाकलेल्या जागी हवा कायमची बंद. नंतर साध्या नळाचं पाणी वरून खाली, शक्य असेल तर पंख्याच्या बाजूने मागे, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने बाहेर पडेल. गाडी धुवायच्या पंपाची पूर्ण धार जवळून मारली तर स्वच्छतेऐवजी फिन्सच्या चपात्या होतात. काही जण ॲसिडसारखं काहीतरी फवारून कॉइल चकाचक करून दाखवतात. ती चमक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच झडत असतं.

उन्हाची सोय म्हणून केलेले उपायही बरेचदा अंगाशी येतात. उन्हाळ्यात इथे सिग्नलवर हिरवी जाळी लावतात आणि तिच्याखाली उभं राहणाऱ्याचा जीव निवतो. हे बघून कोणी तीच जाळी आउटडोअरभोवती गुंडाळतं, कोणी ओलं पोतं टाकतं. माणसाला सावली पुरते, आउटडोअरला वारा लागतो. पत्रा किंवा जाळी वर दीड-दोन फूट अंतर ठेवून छतासारखी बांधली तर उपयोग. मागे भिंतीपासून वीतभर आणि पुढे दोन-तीन फूट मोकळं हवं. बंद सज्जात किंवा दोन इमारतींमधल्या अरुंद फटीत ठेवलं तर बाहेर फेकलेली गरम हवा तेच युनिट पुन्हा ओढून घेतं. बोअरच्या पाण्याचा फवारा कायम लावून ठेवला तर पहिल्या आठवड्यात फरक जाणवतो, महिन्याभरात फिन्सवर क्षारांचा पापुद्रा धरतो. कूलरच्या टाकीत जो खरवडतो, तोच.

आतल्या डब्याचं काम त्यामानाने सोपं. झाकण वर उचललं की फिल्टरच्या दोन जाळ्या. मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी, रस्त्यावरचं घर असेल तर दर आठवड्याला धुवायच्या. धूळ ज्या बाजूला बसली त्याच्या उलट बाजूने नळाखाली धरायच्या, नाहीतर धूळ आणखी आत घुसते. गरम पाणी नको, घासणी नको. आणि वाळवायच्या सावलीत. मेच्या उन्हात गच्चीवर ठेवल्या तर अर्ध्या तासात चौकट अशी वेडीवाकडी होते की परत खाचेत बसत नाही, आणि उरलेल्या फटीतून धूळ थेट कॉइलवर.

जाळी धुतली तरी एक जागा उरते. हवा बाहेर येते त्या पट्ट्या हाताने वळवून, वीज बंद ठेवून, आत प्रकाश टाकावा. लाटण्यासारखा लांबट ब्लोअर दिसतो. त्याला बारीक वक्र पाती असतात आणि प्रत्येक पात्याच्या पोटात राखाडी नमदा बसलेला असतो. पात्याची खोली भरून गेली की ब्लोअर फिरतो पण हवा फेकत नाही. अंगावर येणारा झोत कमी झाला आणि आवाज तेवढाच राहिला, तर हेच. फिल्टर धुऊन हे निघत नाही. त्यासाठी ओली सर्व्हिस लागते. डब्याखाली प्लास्टिकचं जॅकेट बांधायचं, बोर्ड झाकायचा आणि जेटपंपाने कॉइल आणि ब्लोअर दोन्ही धुवायचे. खाली बादलीत जे पाणी उतरतं ते काळ्या चहासारखं असतं. वर्षातून एक अशी सर्व्हिस, धूळ जास्त असेल तर दोन. पहिली होळीच्या आधी उरकावी. त्या दिवसांत मेकॅनिकला वेळ असतो, तो फिन्स न वाकवता काम करतो. मेमध्ये त्याच्या खिशात एका दिवसाचे दहा पत्ते असतात.

आणि त्याच गर्दीत ते वाक्य ऐकू येतं, "काकू, गॅस कमी झाला आहे."

गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला असेल तर तो गळतो आहे, आणि गळती न शोधता भरला तर पुढच्या उन्हाळ्यात तेच वाक्य पुन्हा. इनडोअरच्या कॉइलवर किंवा आउटडोअरच्या बारीक नळीवर बर्फ धरला की लगेच गॅसचं निदान होतं, पण बुजलेल्या फिल्टरनेही कॉइलवर बर्फ धरतो. म्हणून आधी धुलाई, मग गॅसची गोष्ट. गळतीच असेल तर बहुधा नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटपाशी तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते. साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. नाल्याकाठच्या घरांत वेगळाच त्रास. सांडपाण्याच्या वायूने तांब्याची नळी काळी पडते आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात.

गळती बुजवल्यावर नळीतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने ओढून काढायची, गेज ५०० मायक्रॉनच्या (इथे हे दाबाचं माप) खाली जाऊन तिथेच टिकेपर्यंत. थोडा गॅस सोडून हवा हाकलणं म्हणजे काम मारणं. पंप नसलेल्या माणसाला गॅस भरू देऊ नये. किती भरायचा ते आउटडोअरच्या पट्टीवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं आणि तो वजनकाट्यावर मोजून भरायचा असतो. एसीत भरायच्या गॅसांपैकी आर-३२ हा सौम्य ज्वलनशील आहे, आर-२९० तर प्रोपेनच. हे गॅस असलेल्या यंत्राजवळ काम चालू असताना खिडक्या उघड्या हव्यात आणि विडी बाहेर हवी.

सर्व्हिस नीट झाली की नाही हे बघायला भाजीवाल्याकडून नारळ घेताना वाजवून बघतो तेवढेच कष्ट. एसी पंधरा-वीस मिनिटं चालवून खोलीचं तापमान मोजायचा साधा थर्मामीटर आधी वर, हवा आत ओढली जाते तिथे धरायचा, मग खाली झोतात. दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक हवा. पाचच अंश आला तर मेकॅनिकला जिन्यातूनच परत बोलवावं.

जुन्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीत उन्हाचा पहिला बळी कपॅसिटर असतो. त्याच्यावर मायक्रोफॅरडचा आकडा छापलेला असतो. ४५ चा मीटरवर ३८ भरला तर कॉम्प्रेसर नुसता हुंकारतो आणि बसतो. वस्तू काहीशे रुपयांची, पण ती वेळेवर बदलली नाही तर कॉम्प्रेसर जळतो आणि बिल हजारांवर जातं. अर्थिंगचीही एक खास नागपुरी गोष्ट आहे. इथली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. तुळशीला घालतो तसं दर आठवड्याला बादलीभर पाणी त्यातही घालावं.

एका खोलीत कूलर आणि एसी दोन्ही लावणारे शूर लोक आहेत. कूलर हवेत पाणी घालतो, एसी तेच पाणी पिळून काढायला वीज जाळतो. दोघांचं भांडण आपल्या मीटरवर.

मग मृग लागतो आणि खेळ बदलतो. हवा दमट झाली की कूलर नुसता चिकचिक करतो आणि सगळा भार एसीवर येतो. आता तो गळू लागतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कॉइलवर पाणी जेमतेम थेंबथेंब सुटतं. तीन महिने कॉइलखालच्या ट्रेमध्ये धूळ वाळत पडलेली असते. जूनमध्ये एकदम लिटरांनी पाणी येतं, त्या धुळीचा चिखल होतो, त्यावर बुळबुळीत शेवाळ धरतं आणि पाणी पाइपाऐवजी भिंतीवरून, खालच्या पलंगावर. काही वेळा गुन्हेगार वेगळाच निघतो. कोरडा पाइप बघून कुंभारीण माशी त्याच्या तोंडात मातीचं घर बांधून गेलेली असते. पाइपाच्या बाहेरच्या टोकाला तोंडाने नव्हे, पंपाने जोर द्यावा. ट्रेमध्ये मगभर पाणी ओतून ते दुसऱ्या टोकाला पूर्ण उतरतं का ते बघावं. पाइपाला सलग उतार हवा, मध्ये पोट सुटलेलं नको. आणि टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलं नको, बुडालं की हवा अडते आणि पाणी मागे फिरतं.

दिवाळीनंतर एसी बंद करायचा तोही एका झटक्यात नाही. कोरड्या दिवशी दोन-तीन तास नुसता फॅन मोडवर चालवून कॉइल वाळवायची, नाहीतर मार्चमध्ये पहिल्या झोताला ओल्या पोत्याचा वास येतो. फिल्टर धुऊन वाळवून बसवायचे, एमसीबी पाडायचा, रिमोटमधले सेल काढायचे. आउटडोअरला प्लास्टिक गुंडाळू नये, उंदरांना ती खोली आवडते आणि वायरीही. पाइपाच्या टोकाला कुंभारणीसाठी मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने बांधायचा. होळीला तो काढायची आठवण हवी, नाहीतर जूनमध्ये शेवाळ त्याच्यातच अडकेल. ताट्या, पंप, तेल अशी यादी असतेच घरात, तिच्याखाली आणखी एक ओळ लिहून ठेवलेली बरी.