बाई म्हणाल्या, दोन्ही लिहून घ्या

शाळेचं आमंत्रण आलं, मनोगत लिहा म्हणाले, आणि मला आपल्या सायन्सच्या बाईंशिवाय दुसरं काही सुचेचना. बाकीच्या सरांनी-बाईंनी राग मानू नये, पण माझी शाळा म्हणजे बाईच.

दहावीला बाईंनी हेबर शिकवला, हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवायची पद्धत शोधणारा जर्मन केमिस्ट. त्यांनी फळ्याच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे नायट्रोजन, हायड्रोजन, लोखंडाचा कॅटॅलिस्ट, अमोनिया, खत, १९१८ चं नोबेल. उजवीकडे २२ एप्रिल १९१५, पहिलं महायुद्ध, बेल्जियममधलं ईप्र, शत्रूवर क्लोरीन गॅस, आणि तो सोडताना हेबर स्वतः आघाडीवर हजर. थोड्याच दिवसांत त्याच्या बायकोने, क्लाराने, जी स्वतःही केमिस्ट होती, स्वतःला गोळी घातली. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, बाई, मग हा माणूस चांगला की वाईट? बाई म्हणाल्या, दोन्ही बाजू लिहून घ्या, एकही खोडायची नाही.

त्याच वर्षी, म्हणजे १९८२ च्या गिरणी संपात, आपल्या परळ-लालबागमधल्या निम्म्या वर्गाच्या घरी पगार बंद होता आणि आमच्यातल्या एका मुलाने सहलीचे जमलेले पैसे उचलले. वक्तृत्वात त्याला तोड नव्हती, ढाल त्यानेच आणलेली. काही म्हणाले घरी चूल पेटत नाही, सोडून द्या. काही म्हणाले विजेत्यांच्या बोर्डावरून नाव पुसा. बाईंनी दोघांचंही ऐकलं नाही. ज्यांचे पैसे गेले त्यांच्याही घरी संपच आहे, म्हणाल्या, पैन् पै परत येईल, पण ढाल काही त्याने चोरलेली नाही. मग दर महिन्याला तो बाईंच्या टेबलावर चिल्लर आणून ठेवायचा, मॉनिटर वहीत मांडायचा, आणि बोर्डावर नाव तसंच.

माझी सगळी नोकरी चेंबूरला अमोनिया प्लांटवर झाली, हेबरच्या पद्धतीवर घर चाललं माझं. पण ड्रिलला गॅस मास्क चढवला की दरवेळी फळ्याची उजवी बाजू आठवायची. हल्ली एखाद्या गायकाचं, नटाचं काही बाहेर आलं की आमच्या ग्रुपवर लगेच दोन तट, एकाला सगळं माफ करायचंय, दुसऱ्याला त्याची गाणीही नकोत, आणि जिला त्रास झाला तिची चौकशी कोणीच करत नाही, याचा मला फार संताप येतो. बाई असत्या तर आधी तिच्याबद्दल विचारलं असतं.

कमिटीला एक विनंती. परवा रंगकामानंतरचा विजेत्यांच्या बोर्डाचा फोटो आला, त्यात त्या मुलाचं नाव दिसलं नाही, मागचीपुढची सगळी आहेत. कृपया ते परत लिहून घ्या, रंगाचा खर्च मी देतो.