जुळ्यांच्या गोधड्या

आज आईबरोबर जुन्या लुगड्यांची पेटी उपसली. ताईला जुळी होणार आहेत. दुपटी घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न, "मुलगा की मुलगी?" १९९४ च्या कायद्याने गर्भलिंगनिदानाला बंदी आहे, आणि ती आहे याचं मला फार बरं वाटतं.

आजीचं हळदी इरकल निघालं. काठ विरलेले, पण अंग सायीसारखं मऊ. आईने तेच दोन्ही गोधड्यांच्या मधोमध धरलं. एकीला हिरवी चौकट, दुसरीला विटकरी. आत आजोबांच्या धोतराचे थर. गुलाबी-निळं काही नको, नुसते चौकोन आणि कोपऱ्यांना त्रिकोण. धावदोरा मात्र पांढराच, दोन्हींवर उठून दिसतो.

संध्याकाळपर्यंत एक बाजू टाचून झाली. ताई व्हिडिओ कॉलवर बघत होती. म्हणाली, "आजीचा वास येतो का गं अजून?"

येतो.