बाबांची चिठ्ठी

१२ जुलै

आज सकाळपासून पावसाची संततधार आहे. बाबा असते, तर दुपारचा चहा घेता घेता त्यांनी १९६१ चा पूर पुन्हा एकदा सांगितला असता आणि आम्हीही तो पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकला असता. पानशेत धरण फुटले आणि मागोमाग खडकवासलाही फुटले, त्या दिवशी ते अठरा वर्षांचे होते व नारायण पेठेतल्या वाड्यात राहत होते. मुठेत रोज पोहणाऱ्या या मुलाने पुरात उडी घेतली असणार, असे ऐकणाऱ्याला वाटे. परंतु वासे, पिंपे आणि मेलेली जनावरे वाहून आणणाऱ्या त्या लोंढ्यात पोहता येण्याचा काडीचा उपयोग नव्हता, हे ते आवर्जून सांगत. त्यांनी आधी आईला आणि धाकट्या भावंडांना पर्वतीवर पोचवले, मग परत येऊन शेजारच्या अर्धांगवायू झालेल्या आजोबांना तिघांनी आरामखुर्चीसकट उचलून नेले. ती खुर्ची पुढे आमच्याकडेच आली. तिचे कापड अनेकदा बदलले, पण लाकडाच्या खाचेत बसलेला गाळ बाबांनी कोणाला खरवडू दिला नाही.

डोंगरांचे वेड त्यांना नंतर लागले. दर रविवारी पहाटे सिंहगड ठरलेला असे. निघताना भिंतीवरच्या तारखांच्या दट्ट्यातून फाडलेल्या आदल्या दिवसाच्या पानामागे चिठ्ठी लिहून ती साखरेच्या डब्याखाली ठेवत : ‘अतकरवाडीकडून चढतो. साडेअकरापर्यंत घरी. येताना चक्का आणतो.’ एकदा हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवरून ते अर्ध्यातून माघारी फिरले, कारण चिठ्ठीतली वेळ टळत होती. बरोबरचे मित्र महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नाहीत, आणि मला विचाराल तर त्यांचेही फारसे चुकले नव्हते.

१९९३ साली मात्र मीच त्यांच्यावर रागावलो होतो. विसर्जनाच्या रात्रीनंतर, ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला आणि तिसऱ्या दिवशी बाबा कपडे व औषधे भरलेल्या ट्रकबरोबर निघून गेले. माझी बारावी होती आणि आईला ताप होता. त्या दिवशीच्या चिठ्ठीत दूधवाल्याचा हिशेब, डॉक्टरांची वेळ, शेजारच्या काकूंना दिलेली किल्ली असे सगळे होते; फक्त परतण्याची वेळ नव्हती. तशी ती एकच चिठ्ठी. मी ती रागाने चुरगळली, आणि आईने ती उलगडून पोथीत ठेवली.

नवव्या दिवशी ते आले, आंघोळ केली आणि काही न बोलता आईच्या उशाशी बसले. सास्तूरला काय पाहिले, ते त्यांनी कधीच नीट सांगितले नाही. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, त्यामुळे झोपेतल्या माणसांना उठायलाही सवड मिळाली नाही, एवढेच एकदा बोलले. पुढे कोणत्याही खेड्यात मुक्कामाला गेले, की तळहाताने भिंत थोपटून ‘चुन्यात आहे की मातीत?’ असे विचारत. यजमान गोंधळून जात.

आजोबा झाल्यावर त्यांनी नातीला सिंहगडावर नेले, तेव्हा ती सहा वर्षांची होती. देवटाक्याचे पाणी पाजले, दही खाऊ घातले. पण त्याआधी, घरातून निघताना, चिठ्ठी तिच्याकडून लिहून घेतली. ‘सींहगड’ असा दीर्घ ईकार त्यांनी मुद्दाम दुरुस्त केला नाही.

आज पहाटे ती मैत्रिणींबरोबर गेली. मला जाग आली तेव्हा साखरेच्या डब्याखाली कागद होता : ‘राजगड, पाली दरवाजाने. रात्री आठपर्यंत. आजोबांची काठी नेली आहे.’

आता पावणेआठ झाले आहेत. चहाचे आधण ठेवतो.